आधी पूर्ण पैसे भरा, मग चॅसिस नंबर देतो म्हणतात. भरू का?

ब्रिक्स_पोल
१७ फेब्रुवारी २०२६, रात्री १२:५०

नमस्कार मंडळी. कराडजवळच्या एका साखर कारखान्यात लॅब केमिस्ट आहे. हंगाम चालू आहे, चार ते बाराची पाळी संपवून आत्ताच घरी आलोय. लिहिण्यात चिडचिड दिसली तर सांभाळून घ्या.

सात सीटांची सीएनजी गाडी बुक केलीय. पांढरी, मॅन्युअल, मधलं व्हेरिएंट. कंपनीचं आणि शोरूमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, गाडी अजून त्यांच्याकडूनच घ्यायचीय. लॅबमध्ये रसाच्या नोंदी ठेवायची सवय हाताला लागलेली, म्हणून शोरूमच्या फोनचीही वही केली. त्यातलं जसंच्या तसं:

९ नोव्हेंबर. अकरा हजार भरून बुकिंग. "आठ ते दहा आठवडे सर, लिहून घ्या." (घेतलं.)
२० डिसेंबर. "जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तुमची गाडी पक्की. जुनी आत्ता दिली तर एक्स्चेंजचा बोनस मिळेल, नवीन वर्षात स्कीम बंद." जुनी २०१२ ची हॅचबॅक देऊन टाकली.
१७ जानेवारी. दहा आठवडे पूर्ण. "ट्रेलर निघालाय."
२४ जानेवारी. "ट्रेलर पोचतोय."
३१ जानेवारी. "सर, कंपनीकडूनच शॉर्टेज आहे." ट्रेलरचं काय झालं विचारलं, तर त्यात दुसऱ्या गाड्या होत्या म्हणे.
१४ फेब्रुवारी. "फुल पेमेंट केलंत तर पाडव्याला नक्की देतो. चॅसिस नंबर पेमेंट झाल्यावरच मिळतो, तशी सिस्टिमच आहे. नाहीतर ग्रे कलर यार्डात तयार उभी आहे, उद्या घेऊन जा."

वीस डिसेंबरची नोंद वाचून हसू नका. बायको रोज हसते. दोन महिने सगळं घर एका स्कूटरवर चाललंय. वडील ८४ वर्षांचे, त्यांना डॉक्टरकडे न्यायचं तर दर वेळी शेजाऱ्यांच्या दारात उभं राहावं लागतं. वडील मात्र निवांत आहेत. "आम्ही स्कूटरला आठ वर्षं थांबलो, तुम्हाला चौदा आठवडे जड जातात" हे दिवसातून एकदा ऐकवतात.

तर प्रश्न असे. पाडवा १९ मार्चला आहे. चॅसिस नंबर, म्हणजे नेमकी कोणती गाडी आपली ते सांगणारा तिच्यावर कोरलेला नंबर, हातात नसताना पूर्ण पैसे भरावेत का? ती ग्रे गाडी घ्यावी का? आणि गाडी यायच्या आधी घरी काय तयारी करून ठेवावी? पोर्च पंधरा फूट लांब आहे, गेट सात फूट चार इंच. टेस्ट ड्राइव्हच्या गाडीला टेप लावून पाहिला: लांबी साडेचौदा फुटांच्या आत, आरसा ते आरसा साधारण सहा फूट सात इंच. कागदावर बसते.

फुकटचा_सल्ला
१७ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

ट्रेलर निघालाय म्हणजे सिनेमाचा असेल.

पैसे भरू नका. बाकीचं जाणकार सांगतील, मी फक्त पहिला प्रतिसाद द्यायला आलो होतो.

माजी_यार्डवाला
१७ फेब्रुवारी, दुपारी २:२०

केमिस्ट साहेब, मी बावीस वर्षं डीलरकडे काढली, शेवटची नऊ स्टॉकयार्डात. आता निवृत्त आहे, कुणाचं मीठ खात नाही, त्यामुळे मोकळं बोलतो.

आधी "शॉर्टेज" म्हणजे काय ते ऐका. डीलर मागेल ते कारखाना देतो असं नसतं. कारखान्यात एकेका व्हेरिएंटच्या लॉटने गाड्या निघतात आणि लॉटमधलं जे वाट्याला येईल ते यार्डात उतरतं. गाडी डीलरच्या नावावर बिल झाली की त्याच्या बँकेचं व्याज सुरू. म्हणजे ती ग्रे गाडी यार्डात उभी आहे तोवर रोज पैसे खातेय. तुमच्या पांढरीपेक्षा ती खपवायची घाई त्यांना का, ते कळलं ना? सेल्सवाला पोरगा खोटारडा असतोच असं नाही. त्याला स्वतःला काही माहीत नसतं. वरून विचारणा झाली की तोही "निघालाय" एवढंच ऐकतो आणि तेच पुढे ढकलतो.

सप्टेंबरात काय झालं आठवतं? १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा, ३ सप्टेंबरला कौन्सिलचा निर्णय, २२ पासून लागू. त्यात मधे पितृपक्ष. गिऱ्हाईक फिरकेना, यार्डात दोन गाड्यांच्या मधून आडवं होऊन जावं लागायचं. (मी तेव्हा निवृत्त होतो, पण जुन्या पोरांकडे चहाला जायचो.) बावीसला घटस्थापना उजाडली आणि दहा दिवसांत यार्ड धुवून निघालं. त्या गर्दीची शेपटी अजून संपलेली नाही, विशेषतः सीएनजीत. तुमचं बुकिंग त्याच्या मागचं.

आता पैशांचं. पेमेंटशिवाय चॅसिस नंबर देत नाही अशी कुठलीही सिस्टिम नाही. गाडी डीलरच्या नावावर बिल झाली की नंबर त्यांच्या स्क्रीनवर दिसतो. क्रम असा धरा: आधी चॅसिस नंबर, मग यार्डात जाऊन स्वतः गाडी बघायची, मग उरलेले पैसे, मग इन्शुरन्स, मग टॅक्स आणि पासिंग (आरटीओतली नोंदणी), मग नंबरप्लेट, मग पेढे. पासिंगच्या आधी बघणं एवढ्यासाठी की एकदा तुमच्या नावावर नंबर पडला की गाडी तुमची. त्यानंतर दारावर पोचा दिसला तर ते "पॉलिश करून देतो" म्हणणार, गाडी बदलून देणार नाहीत. पासिंगच्या आधी तोच पोचा दिसला तर तुम्ही मान हलवायची आणि दुसरी मागायची.

ग्रे गाडीबद्दल एकच विचारा: बनली कधी? चॅसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो, त्यातलं दहावं अक्षर बहुतेक कंपन्यांत वर्षाचं. महिन्याची जागा कंपनीगणिक वेगळी. गाडीवरच्या पाटीवर आणि पुढे आरसी बुकात महिना आणि वर्ष दोन्ही येतातच. ती २०२५ ची निघाली तर पासिंग २०२६ मध्ये झालं तरी विकताना लोक बनल्याचं वर्ष धरतात. रंग आवडत असेल तर तेवढे पैसे कमी करून मागा. आवडत नसेल तर दहा वर्षं रोज सकाळी तोंड बघायचंय, ध्यानात ठेवा.

आणि उभी राहिलेली गाडी ओळखायची कशी? वायपर उचलून बघा, रबर काचेला चिकटून सालपट निघाल्यासारखं होतं. बॉनेट उघडून बॅटरीच्या मागे, एअर फिल्टरच्या डब्याजवळ टॉर्च मारा. आमचं यार्ड उसाच्या फडाला लागून होतं. फड तुटला की उंदीर थेट बॉनेटमध्ये. एकदा अगदी कोरी गाडी चालू होईना, बघतो तर वायरिंगवर गवताचं घरटं आणि आत चार गुलाबी पिल्लं. ब्रेक डिस्कवरचा तांबूस गंज बघून घाबरू नका, चार वेळा ब्रेक दाबला की जातो. टपावर मात्र चढून बघा. ट्रेलरच्या वरच्या मजल्यावरच्या गाड्यांना झाडाच्या फांद्या घासतात आणि टप कुणी बघत नाही.

अनुजा_सांगली
१७ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:४५

यार्डवाले काकांनी सगळं सांगितलंय, मी फक्त माझ्या खात्यापुरतं बोलते. सहकारी बँकेत वाहन कर्ज बघते.

कर्ज काढत असाल तर पैसे बँकेतून सुटले त्या दिवसापासून व्याज सुरू. गाडी दारात आहे की गुरगावात, याच्याशी बँकेला देणंघेणं नाही. गेल्या वर्षी आमच्या एका खातेदाराने दोन हप्ते भरले तेव्हा कुठे गाडी आली. म्हणून मी तरी चॅसिस नंबर असलेल्या कोटेशनशिवाय रक्कम सोडत नाही. मंजुरीपत्राची मुदतही बघा. नोव्हेंबरात घेतलं असेल तर संपत आली असेल. उरलेली रक्कम डीलरच्या खात्यावरच भरा. "सर, माझ्या नंबरवर टाका, डिस्काउंट बसवतो" या वाक्यापासून लांब.

इन्शुरन्स शोरूमचाच घेतला पाहिजे असं बंधन नाही. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी सक्तीचा आहे (१ सप्टेंबर २०१८ पासून), स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा घेतला तरी चालतो. बाहेरून तेवढ्याच आयडीव्हीचं (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) आणि त्याच ॲड-ऑनचं (वरून घेतलेलं जादा संरक्षण) कोटेशन आणा आणि नुसतं टेबलावर ठेवा. शोरूमचा आकडा आपोआप खाली येतो, मी बघितलंय. कोटेशनमध्ये "हँडलिंग", "लॉजिस्टिक" असं काही दिसलं तर ती सरकारी फी नाही, खुशाल वाद घाला. किंमत दहा लाखांच्या वर गेली तर एक टक्का टीसीएस (विकणारा आधीच वसूल करतो तो आयकर) लागतो. तो खर्च नव्हे, रिटर्न भरताना वळता होतो.

आणि आधारला जोडलेला मोबाइल चालू ठेवा, पासिंगला ओटीपी त्यावर येतो. आमच्याकडे एकांचा नंबर मुलाच्या जुन्या सिमला जोडलेला होता आणि मुलगा जहाजावर.

फुकटचा_सल्ला
१७ फेब्रुवारी, रात्री ९:१०

पण जीएसटी १८ टक्के झाल्यावर गाडी बरीच स्वस्त पडली असेल ना? मग थांबा की जरा.

अनुजा_सांगली
१७ फेब्रुवारी, रात्री ९:३२

१८ टक्के चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनांना, पेट्रोल-सीएनजी असेल तर १२०० सीसीपर्यंत. यांची गाडी साडेचौदा फूट म्हणजे चार मीटरच्या वर, ती ४० टक्क्यांत. आधी सेस (जीएसटीवरचा जादा कर) धरून ४५ होते, म्हणजे उतरली पण थोडी. आणि बुकिंगच्या दिवशीचा भाव नाही, डिलिव्हरीच्या दिवशीचा भाव लागतो. थांबण्यात फायदा असतोच असं नाही.

गोदाकाठ
१८ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

सगळे पैशांचं बोलताय, मी मुहूर्ताचं बोलतो. पाडव्याचा हट्ट सोडा. मी मागची गाडी मुद्दाम पितृपक्षात घेतली. आई आठ दिवस बोलत नव्हती. पण शोरूममध्ये मी एकटा गिऱ्हाईक, मॅनेजर स्वतः चहा घेऊन आला, पोराने तासभर एकेक बटण समजावलं. पाडव्याला तुम्हाला किल्ली, नारळ, फोटो आणि "पुढचे या" एवढंच मिळणार.

माजी_यार्डवाला
१८ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

गोदाकाठवाले नाना, अगदी. एका दसऱ्याला आम्ही दिवसभरात ६३ गाड्या दिल्या. त्यात एका कुटुंबाने दुसऱ्याच्याच पांढऱ्या गाडीला हार घातला, पूजा केली, टायरखाली लिंबू चिरडलं, आणि गेटवर वॉचमनने नंबर ताडला तेव्हा सगळ्यांना कळलं. मग प्रश्न पडला की लिंबू कुणाचं लागू झालं. ज्यांची गाडी होती त्यांनी पुन्हा पूजा करायला लावली, आणि पहिल्यांनीही.

केमिस्ट साहेब, गेटचं एक राहिलं. तुमचं गेट आत उघडतं का बाहेर?

ब्रिक्स_पोल
१९ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

आत उघडतं! पोर्च पंधरा फूट, गाडी साडेचौदा. गाडी आत घेतल्यावर फाटकाची झडप बंपरला अडणार, फाटक लागणारच नाही. दोन महिने टेप घेऊन फिरतोय आणि हे सुचलं नाही. वडिलांना वाचून दाखवलं, ते म्हणाले, "मी कधीचा सांगत होतो." त्यांनी सांगितलेलं नाही, पण असो.

शोरूमला काल ईमेल केला: चॅसिस नंबर द्या, गाडी दाखवा, त्याच दिवशी पैसे भरतो. नाहीतर अकरा हजार परत. ग्रे गाडीची पाटी बघून आलो, ऑक्टोबर २०२५. नको म्हटलं. मॅनेजरचा फोन आला (याआधी मॅनेजर नावाचा प्राणी आहे हेच माहीत नव्हतं). विचारलं, पांढरीच हवी का? मी म्हटलं, पांढरी किंवा सिल्व्हर, दोन्ही चालतील. तर म्हणे, "मग सोपं झालं." चौदा आठवडे हे कुणी विचारलं नव्हतं.

ब्रिक्स_पोल
२२ मार्च २०२६, दुपारी ३:१०

उशिरा लिहितोय. हंगाम संपत आला, साफसफाईची गडबड होती.

११ मार्चला चॅसिस नंबर मिळाला, सिल्व्हर, जानेवारी २०२६ ची. पैसे एक रुपया न भरता. "सिस्टिम" कुठे गेली ते विचारलं नाही.

१२ ला सकाळी नऊला यार्डात. ऊन डोक्यावर यायच्या आत जा असं कुणीतरी सांगितलं होतं, मला उलटा अनुभव आला. तिरप्या उन्हातच रंगावरचे ओरखडे दिसतात हे खरं, पण गाडी दोन गाड्यांच्या सावलीत कोंबलेली. बाहेर काढायला लावली. मीटरवर सात किलोमीटर. टायरच्या कडेला जो चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, तो पाचही टायरांचा लिहून घेतला: चारांवर ४९२५, स्टेपनीवर ३१२५. स्टेपनी थोडी जुनी आहे, चालतं. टपावर स्टूल ठेवून बघितलं, स्वच्छ. इंजिन थंड असताना चालू केलं. वायपर, काचा, सगळे दिवे, सातही पट्टे. पोरगा घड्याळ बघत होता.

शेवटी सीएनजीची पाटी. तिच्यावर टाकीचा नंबर आणि चाचणीची तारीख असते, कारण टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करावी लागते आणि पाटी बघितल्याशिवाय पंपवाला गॅस भरत नाही. गुडघ्यावर बसलो, डिकी उघडून मोबाइलच्या उजेडात टाकीवर ठोकलेला नंबर एकेक आकडा वाचला, कागदाशी ताडला. कागदावर शेवटून तिसरा आकडा ३, टाकीवर ८. परत वाचला. परत ८. बोट फिरवून बघितलं, ठोकलेल्या आकड्याच्या डाव्या कडेलाही खाच लागत होती, म्हणजे ८च. पोरगा म्हणाला, "सर, चालतंय हो, एवढं कोण बघतंय." तीन वर्षांनी टेस्टला गेल्यावर तो माणूस बघणार. आमच्या लॅबमध्ये ३ चा ८ झाला तर शिफ्ट केमिस्टची मान जाते. दुरुस्त करून आणा म्हटलं.

दुरुस्तीला तीन दिवस गेले. १६ ला पैसे भरले, १७ ला टॅक्स, नंबर पडला, पण प्लेटा पाडव्याच्या गर्दीत अडकल्या. १९ ला गुढी उभारली, दारात स्कूटर. पासिंगशिवाय गाडी ताब्यात देता येत नाही आणि प्लेटेशिवाय मलाच न्यायची नव्हती. मॅनेजर म्हणाला, "मुहूर्ताला प्रतीकात्मक किल्ली देतो, फोटो काढा, गाडी परत ठेवतो." नको म्हटलं. पुठ्ठ्याची ती भलीमोठी किल्ली घेऊन मी कुठे हिंडू?

काल, २१ ला, शनिवारी गाडी घेतली. शोरूम रिकामं. नाना, तुमचं बरोबर होतं, पोराने चाळीस मिनिटं समजावलं. दोन्ही किल्ल्या, जॅक, पाना, इन्शुरन्स, टॅक्सची पावती, फास्टॅग, सगळं वहीत टिक करून घेतलं. वडील पुढच्या सीटवर बसले, पट्टा स्वतः लावला आणि विचारलं, "हिला किक कुठे?" मग स्वतःच हसले.

फाटक सरकतं करून घेतलं, वेल्डरने दोन दिवसांत दिलं. गाडी आत घेतल्यावर पुढे पाच इंच उरतात. भिंतीला जुना टायर टांगलाय.

आता शेवटचा प्रश्न, यार्डवाले काकांना. घरामागे फड आहे, पुढच्या आठवड्यात तुटतोय. उंदरांचं काय करू?

माजी_यार्डवाला
२२ मार्च, संध्याकाळी ६:००

अभिनंदन! ३ चा ८ पकडलात, यार्डात असता तर तुम्हाला ठेवून घेतलं असतं.

उंदरांसाठी: रात्री बॉनेट उघडं ठेवा, त्यांना अंधार आणि ऊब लागते. फडक्यात बांधून तंबाखूची पुरचुंडी आत टांगा, पण पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब. डांबराच्या गोळ्या ठेवल्यात तर एसीतून वास गाडीभर येईल आणि बायको आणखी हसेल. फड तुटल्यावर पहिले पंधरा दिवस रोज सकाळी बॉनेटमध्ये टॉर्च मारा. आणि वहीत लिहा.